नावं सांगायची टेकडी

शालिनीबाईंनी कपड्यांवरून घातलेल्या अबायाचा काळा घोळ दोन्ही हातांनी गोळा केला, आतल्या सलवारच्या नेफ्यात घट्ट खोचला आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.

“आजी, असं नाही करायचं. अलाउड नाहीये,” मागून आसावरी म्हणाली.

“बघायला कोण आहे इथे? ते दोन उंट. त्यांना विचारलंय मी. चालेल म्हणाले.”

आसावरी हसली नाही. दहा वर्षांची ही नात गेले आठ-दहा दिवस आजीच्या कुठल्याच विनोदाला हसत नव्हती. नुसती मान हलवायची, शेजारच्या एखाद्या समजूतदार बाईसारखी.

खाली गाडीजवळ जमालुद्दीन सतरंजी झटकत होता. उन्मेष हातात फोन धरून उगाच चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होता. या माळावर रेंज नाही हे त्याला अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं.

“आई, तुम्ही दोघी व्हा पुढे,” तो ओरडला. “मी आलोच. निवांत बोला वर.”

‘निवांत बोला’ हे त्याने आसावरीकडे न बघता म्हटलं. शालिनीबाईंनी मान डोलावली आणि दुसरा दगड चढल्या.

टेकडी फार उंच नव्हती, पण सुटी होती. पायाखालचा दगड केव्हा घरंगळेल सांगता येत नव्हतं. बुरैदाहून निघून अडीच तास सपाट, पिवळट माळ बघत आल्यावर ही टेकडी अचानक समोर आली होती. माथ्यावर एक दगडी खोली आणि पायथ्याला एक चौकोनी कोरडा हौद, आत उतरायला पायऱ्या असलेला. बाराशे वर्षांपूर्वी कूफ्याहून मक्केला हजला जाणारे काफिले याच वाटेने जात. बगदादच्या एका राणीने या वाटेवर हौद आणि विहिरी बांधून दिल्या म्हणून वाटेला तिचंच नाव पडलं. हे सगळं जमालुद्दीनने गाडीत सांगितलं होतं. तो दापोलीकडचा. शालिनीबाईंच्या सुनेच्या, सुरुचीच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये रक्त तपासायचा. अठरा वर्षं सौदीत काढली होती आणि सुट्टीच्या दिवशी कुणाही मराठी माणसाला गाडीत घालून असं काहीतरी दाखवायला नेणं हा त्याचा एकुलता एक शौक होता.

“वरच्या खोलीत एक अल्लाचा माणूस रहायचा म्हणतात,” तो म्हणाला होता. “एकटाच. रातचा जाळ करायचा, काफिल्यांना वाट दिसावी म्हणून. आणि जो जो जाईल तो खालून त्याला आपला नाव ओरडून सांगायचा. मागून कुणी आला, विचारलान की माझा भाऊस पुढे गेला काय, की हा सांगायचा. गेला, चार दिस झाले. नाहीतर, परत येऊन गेला.”

“आणि कुणी परत आलंच नाही तर?” आसावरीने विचारलं होतं. सकाळपासून तिने स्वतःहून विचारलेला तो एकच प्रश्न.

“ता काय म्हाईत, बाय,” जमालुद्दीन म्हणाला होता. उन्मेषने लगेच गाडीतलं संत्रं सोलायला घेतलं होतं.

अर्ध्या वाटेवर एक निळी पत्र्याची पाटी होती, सगळी अरबीत. शालिनीबाई दम खायला तिथे थांबल्या. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलेल्या बाईंना समोर अक्षर दिसलं की ते न वाचता पुढे जाणं जड जायचं. इथे आल्यापासून तीन महिने हाच त्रास. दुकानांच्या पाट्या, दुधाचे डबे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळीकडे अक्षरंच अक्षरं, आणि आपण निरक्षर.

“काय लिहिलं असेल गं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आसावरीने पाटीकडे नजर टाकली. बोट न लावता, न अडखळता ती उजवीकडून डावीकडे वाचत गेली.

“ही जागा सरकारची आहे. जुन्या वस्तूंचं जे खातं असतं ना, त्यांची. इथे खणायचं नाही. भिंतीवर नाव लिहायचं नाही. लिहिलं तर पनिशमेंट.” मग थोडं थांबून म्हणाली, “खाली नंबर आहे. फोनचा.”

शालिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“तुला अर्थ कळतो?”

“शाळेत आहे ना अरबी. फर्स्टपासून.”

“बाबा तर म्हणतो, नुसती घोकंपट्टी आहे.”

“बाबाला येत नाही,” आसावरी म्हणाली आणि पुढे चढू लागली.

शालिनीबाई मागून निघाल्या, पण आता पाय सावकाश पडत होते. काल रात्रीचं जेवणाचं टेबल त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आसावरी झोपल्यावर सुरुचीने पोळ्यांचा डबा बंद केला होता, उघडला होता, पुन्हा बंद केला होता.

“आई, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकते ती. तुम्हाला मुलांशी बोलता येतं,” सुरुची म्हणाली होती. “आजीबरोबर दोन महिने सुट्टीला चिपळूणला जायचं, एवढंच आत्ता. तिथे रमली की पुढचं आम्ही फोनवर हळूहळू सांगू.”

पुढचं म्हणजे चिपळूणच्या शाळेत नाव घातलं होतं ते. उन्मेषच्या बँकेने त्याला आता खमीस मुशैतला पाठवायचं ठरवलं होतं, हजारभर किलोमीटर दूर. सुरुचीचा करार इथेच, अजून दोन वर्षं, आठवड्याला तीन रात्रपाळ्या. इथली शाळाही पाचवीपर्यंतच. सगळं खरं होतं. आसावरीच्या पासपोर्टावर देश सोडण्याचा शिक्काही मारून आला होता. उन्मेषने तो मुलीलाच दाखवला होता, “हे बघ, तुझ्या सुट्टीचा व्हिसा!” म्हणून. दोन दिवस तो पासपोर्ट टीव्हीखालच्या कपाटावर उघडाच पडला होता. लपवायचं कारणच नव्हतं. सगळं अरबीत तर होतं.

आज सुरुचीची ड्यूटी होती. होती, की मागून घेतली होती, ते शालिनीबाईंनी विचारलं नाही.

माथ्यावर वारा होता. खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट, तीही इतकी ठेंगणी की आसावरीलाही वाकावं लागलं. आत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढीच जागा. एका कोपऱ्यात दगडाचा ओटा, वर काजळीचा जुना डाग, समोरच्या भिंतीत एक भोक. त्या भोकातून खालची सगळी वाट दिसायची, उत्तरेकडून येणारी आणि दक्षिणेला जाणारी. भिंतीवर, पाटीतल्या ताकिदीची पर्वा न करता, खिळ्यांनी कोरलेली नावंच नावं.

शालिनीबाई ओट्यावर टेकल्या. आसावरी भोकाशी उभी राहिली, पाठमोरी.

शाळेत कितीतरी मुलांना बाईंनी कितीतरी नकोशा गोष्टी सांगितल्या होत्या. मैत्रीण आता येणार नाही. कुत्रं मेलं. नापास झालास. त्यांची रीत ठरलेली होती. मुलाच्या उंचीला बसायचं, पहिलंच वाक्य खरं बोलायचं आणि मग गप्प रहायचं. आज पहिलंच वाक्य खोटं होतं आणि ते त्यांना कालपासून पाठ होत नव्हतं.

“आसू, सुट्टीत ना आपण...”

“आजी, निहाई म्हणजे काय माहीत आहे?”

आसावरी वळली नव्हती. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती.

“नाही गं. काय?”

“शेवटचं. फायनल. मी टीचरना विचारलं. पासपोर्टवर आहे माझ्या. खुरूज निहाई. म्हणजे जायचं, आणि मग यायचं नाही. यायचं असतं ना, तर खुरूज औदा लिहितात. लास्ट इयर सुशांतमामाच्या लग्नाला गेलो ना, तेव्हा औदा होतं. मी दोन्ही पेजेस बघितली.”

शालिनीबाईंनी ओट्याची कड धरली. दगड उन्हातही गार होता.

“कधी वाचलंस?”

“बाबाने दाखवलं तेव्हाच.”

“दहा दिवस झाले.”

“नाइन.”

खाली जमालुद्दीन काहीतरी बोलून मोठ्याने हसला. तो आवाज वर येईपर्यंत पातळ झाला होता.

“बोलली का नाहीस बेटा?”

आसावरीने खांदे उडवले. मग तिने भिंतीवरच्या एका नावावरून बोट फिरवलं, जसं काही ते वाचणं जास्त महत्त्वाचं होतं.

“मम्मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. बाबा रोज काहीतरी आणतो. मंडेला पिझ्झा, ट्यूसडेला पण पिझ्झा. त्यांना वाटतं मला कळत नाही. मला कळलंय हे कळलं तर त्यांना अजून वाईट वाटेल.” ती आता वळली. “तुला सांगायला पाठवलंय ना त्यांनी?”

“हो.”

“मग सांग. सुट्टी म्हणून सांग. मी ओके म्हणेन. थोडं एक्सायटेड पण होईन. मग बाबा वर आला की तू त्याला म्हण, सांगितलं. खलास.”

ती आजीच्या समोर खाली बसली, मांडी घालून, वर्गात पहिल्या ओळीत बसावं तशी, आणि वाट बघू लागली.

चौतीस वर्षांत मुलं बाईंशी खूप खोटं बोलली होती. पोटात दुखतंय, वही घरी राहिली, त्याने आधी मारलं. पण माझ्याशी खोटं बोला असं म्हणत कुणी समोर येऊन बसलं नव्हतं.

“मला नाही जमायचं ते,” त्या म्हणाल्या.

“सोप्पं आहे, आजी. दोन सेंटेन्स.”

“दोन असोत नाहीतर अर्धं.”

“मग बाबाला काय सांगणार?”

शालिनीबाई उठून तिच्याजवळ खाली बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली. दोघी भिंतीला टेकून, भोकातून येणारा उजेडाचा तुकडा जमिनीवर सरकताना बघत राहिल्या. आसावरीने डोकं खांद्यावर ठेवलं नाही, पण गुडघा आजीच्या गुडघ्याला लागू दिला.

“तुला जायचं नाही?” शालिनीबाईंनी विचारलं.

“मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही ना, म्हणून मी विचार नाही केला.”

बाहेर दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग उन्मेषचा धापा टाकणारा श्वास. चौकटीतून आधी त्याचं टक्कल पडू लागलेलं डोकं आत आलं, मग हसू. ते हसू त्याने पायथ्यापासून चढवून आणलेलं दिसत होतं.

“काय मग, आसूराणी? बघितली का खोली? आजीने सांगितली की नाही गंमत?”

आसावरीने आजीकडे पाहिलं. तिचं तोंड ‘ओके’च्या तयारीत किंचित उघडलं होतं.

“नाही सांगितली,” शालिनीबाई म्हणाल्या. “तुझी गंमत आहे. तूच सांग.”

“आई, अगं...”

“चहा उकळून जाईल खाली.” त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. चौकटीपाशी वाकता वाकता थांबल्या. “आणि उन्मेष, सुट्टी हा शब्द वापरू नकोस.”

तो काही बोलायच्या आत त्या बाहेर पडल्या होत्या. उतरताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. पाटीजवळ अबायाचा घोळ नेफ्यातून सुटला आणि दगडांना घासत गेला, तोही त्यांनी पुन्हा खोचला नाही.

जमालुद्दीनने कागदी पेल्यात चहा ओतला. आलं ठेचून घातलेला, गोड, कोकणातल्या एसटी स्टँडवर मिळतो तसला.

“बाई, दोघांना हाक मारू? थंड होल.”

“होऊ दे.”

त्याने वर पाहिलं, मग बाईंकडे, आणि हाक मारली नाही. हॉस्पिटलात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

“माझी पोर दापोलीस वाढली,” तो म्हणाला. “मी दोन वर्षांनी एकदा जायचा. गेल्या साली तिचा लगीन झाला. मी बाजूला उभा, फोटोला. तो फोटोवाला म्हणतो, चाचा, जरा बाजूला व्हा, आधी घरची मंडळी घेऊन टाकू.” तो हसला, खरंच हसला. “सगळे त्याला मारायला धावले. मी म्हटला, ऱ्हाव दे. पोरग्याने कधी बघितलान नाय मला, त्याची काय चूक.”

शालिनीबाईंनी चहाचा घोट घेतला आणि वर टेकडीकडे पाहिलं.

अर्ध्या-पाऊण तासाने दोघं उतरताना दिसली. उन्मेष पुढे होता, आडवा होऊन पाऊल टाकत. आसावरीने त्याच्या शर्टाचं मागचं टोक धरलं होतं. त्याला पडू न देण्यासाठी, की आपण पडू नये म्हणून, ते खालून कळत नव्हतं. जवळ आल्यावर त्याचे डोळे दिसले आणि शालिनीबाईंनी सतरंजीवरचे बिस्किटाचे कागद गोळा करायला घेतले.

त्याने गार चहा एका घोटात संपवला.

“जमालभाई,” तो पेल्याकडे बघत म्हणाला, “निहाई लागलेला असला तर तो रद्द करून औदा करून देतात का?”

“जवाजातीच्या, म्हणजे पासपोर्टाच्या ऑफिसात करतात. जायच्या आधी गेलास तर. माझा एकदा केलेला.” जमालुद्दीनने स्टोव्ह विझवला. “पण तिचा इकामा, इथे ऱ्हायचा परवाना, चालू ठेवायचा तर सहा महिन्यांनी पोरीस इथे यावा लागेल. दर वेळेस. तू आणशील, नाहीतर तिची आई आणील. विसरून चालायचा नाय.”

“आणीन.”

“आता तसाच वाटतो,” जमालुद्दीन म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. “शनिवारी उघडतो ऑफिस. साताला जा, गर्दी कमी असते. यल्ला, उठा, ऊन चढला.”

परतीच्या वाटेला लागून तासभर झाला होता. पुढे दोघे पुरुष, मागे आजी-नात. आसावरी काचेला नाक लावून बसली होती. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदा दहा वर्षांच्या मुलीचा दिसत होता. जरा रुसलेला, जरा भुकेला.

“आजी,” ती काचेकडेच बघत म्हणाली, “तुझ्या घरात माझं टेबल कुठे ठेवशील?”

पुढे उन्मेषची मान किंचित वळली.

‘तू येऊन ठरव,’ हे उत्तर शालिनीबाईंच्या जिभेवर तयार होतं. छान उत्तर होतं. मुलांना आवडतं असं उत्तर. ते तसंच राहिलं आणि त्यांना जाणवलं की वर त्या खोलीत स्वतःबद्दलचं जे खरं बोलायचं राहिलं होतं, ते सांगायची वेळ हीच.

“ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “माडीवर, खिडकीपाशी. इकडे येण्याआधीच करून घेतलं मी. सुताराला घरी बोलावून.”

एक पेट्रोल पंप मागे गेला, मग त्याला लागून असलेली पांढरी मशीद, मग पुन्हा माळ.

“म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं.”

“हो.”

“तीन महिने.”

“चार. त्यांचा फोन आला आणि मला आनंद झाला, आसू. घरात कुणीतरी येणार म्हणून. तुला विचारायचं माझ्याही मनात आलं नाही.”

काचेवर आसावरीच्या श्वासाचा डाग मोठा झाला, विरला, पुन्हा मोठा झाला. किलोमीटरच्या दोन पाट्या गेल्या. तिने त्या दोन्ही वाचल्या असणार.

“माझी हाइट कुठे होती तुझ्याकडे?” अखेर तिने विचारलं.

“अंदाजाने सांगितली सुताराला.”

“किती?”

शालिनीबाईंनी सीटवर तिच्या शेजारी हात आडवा धरला, तळवा खाली, टेबलाच्या उंचीचा. आसावरीने काच सोडली. पाठ ताठ करून ती नीट बसली, आजीच्या हातावर आपलं कोपर टेकवलं, दुसऱ्या हाताने हवेत लिहून बघितलं.

“दोन बोटं कमी आहे,” ती म्हणाली आणि आजीचा हात तेवढा वर सरकवून ठेवला.